पिट्युटरीपर्यंतच्या वाटा

प्रस्तावना

पिट्युटरीजवळच्या गाठीचं ऑपरेशन नाकातून करायचं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मेंदूतली गाठ नाकातून कशी काय निघणार? त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला मात्र कवटी उघडावी लागेल असं सांगितलेलं असतं. मग दुसरा प्रश्न येतो: त्यांचं नाकातून होतंय, तर आमचं डोकं कशाला उघडायचं? दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. ओपीडीच्या गर्दीत त्यांना मिळणारं उत्तर दोन-चार वाक्यांत आटोपतं, आणि तेवढ्यात मावेल असं ते उत्तर नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना, वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावरच्या मुलांना आणि अशा रुग्णांना पुढे पाठवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना ते सविस्तर मिळावं, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

आधी जागा समजून घेऊ, कारण वाटेचा सगळा वाद जागेमुळेच आहे. शाळेच्या पुस्तकात आपण जिला पीयूषिका ग्रंथी म्हणून शिकलो, ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी अगदी मध्यभागी, स्फिनॉइड नावाच्या हाडातल्या खोबणीत ती बसलेली असते. या खोबणीला शरीरशास्त्रात सेला म्हणतात आणि पुढे सगळीकडे मी तोच शब्द वापरला आहे. उंची, पाळी, अंगावरचं दूध, थायरॉइडचं काम, संकटात शरीराला तगवून धरणारं कॉर्टिसॉल, लघवीवाटे किती पाणी जाऊ द्यायचं याचा हिशेब, या सगळ्याची सूत्रं या अर्ध्या ग्रॅममधून हलतात.

तिचे शेजारी मोठे नाजूक आहेत. बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. त्या जागेला मी नसांची फुली म्हणतो. तिच्याही वर भूक, झोप, तहान सांभाळणारा हायपोथॅलॅमस. डाव्या-उजव्या अंगाला कॅव्हर्नस सायनस, म्हणजे शिरांमधल्या रक्ताने भरलेले कप्पे. त्या कप्प्यांतून मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी जाते, आणि तिच्यासोबत डोळे हलवणाऱ्या नसा. खालची बाजू तेवढी मोकळी आहे. तिथे स्फिनॉइड सायनस ही हवेची पोकळी आहे आणि ती नाकाच्या मागच्या टोकाला उघडते. सेला आणि या पोकळीमध्ये हाडाचा एक पातळ तळ असतो, बस्स. मेंदूला हातही न लावता पिट्युटरीपर्यंत पोचता येतं ते एवढ्यामुळे.

गाठ वर वाढली की फुलीवर दाब येतो. फुलीत एकमेकांना ओलांडणारे तंतू दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूचं दृश्य वाहून आणतात, त्यामुळे नजर कडेने जायला लागते. माणसाला समोरचं नीट दिसत असतं. वर्तमानपत्रही वाचता येतं. पण तो दाराच्या चौकटीला खांदा धडकवतो, शेजारून येणारी स्कूटर त्याला दिसत नाही, ताटाच्या कडेची चटणी राहून जाते. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून होतो, कधी मोतीबिंदूचंही ऑपरेशन होऊन जातं. वास्तविक ही गोष्ट ओळखायला कुठलंच यंत्र लागत नाही. रुग्णासमोर बसायचं, त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगायचं, एकेक डोळा झाकायचा आणि आपली बोटं दोन्ही बाजूंना लांब धरून हलवत आत आणायची. ज्याला बोट बरंच आत येईपर्यंत दिसत नाही, त्याचा एमआरआय करायला हवा. दोन मिनिटांची ही तपासणी प्रत्येक दवाखान्यात होऊ लागली, तर पुढच्या प्रकरणांतली बरीच अवघड ऑपरेशनं सोपी होतील. गाठ लहान असताना हाती लागणं हा या आजारातला सगळ्यात मोठा लाभ आहे.

नाकातल्या वाटेचा इतिहास मी मुद्दाम ऐसपैस सांगणार आहे. आज सर्वमान्य असलेली ही वाट मधली काही दशकं जवळजवळ बंद पडली होती. ती का बंद पडली आणि कशी उघडली, हे कळलं की ऑपरेशनची वाट निवडण्यामागचं तर्कशास्त्रही कळतं.

लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्लींनी १८८९ मध्ये कवटी उघडून पिट्युटरीपर्यंत जाण्याचा प्रयत्न केला, आणि १९०६ मध्ये अशा दहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्या काळी मेंदूची सूज उतरवणारी औषधं नव्हती, प्रतिजैविकं नव्हती, रक्तस्राव थांबवायची साधनं तुटपुंजी. मेंदू उचलून त्याच्या तळाशी जाणं म्हणजे जिवावरचा खेळ होता. १६ मार्च १९०७ रोजी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे हरमान श्लोफर यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी चेहऱ्यावर छेद घेऊन नाक एका बाजूला वळवलं, आतली हाडं काढली आणि खालून सेलात शिरले. रुग्ण ऑपरेशनमधून वाचला. अडीचएक महिन्यांनी तो गेला, तेव्हा शवविच्छेदनात बरीच मोठी गाठ वर राहून गेलेली आढळली. खालून जाणाऱ्याला वरचं दिसत नाही, ही या वाटेची मूळ अडचण पहिल्याच रुग्णात समोर आली होती.

चेहरा विद्रूप करणारा तो छेद लवकरच मागे पडला. शिकागोच्या अल्बर्ट हॉलस्टेड यांनी १९०९ मध्ये वरच्या ओठाखालून, हिरडीच्या वर छेद घेतला. व्हिएन्नाचे ऑस्कर हिर्श कान-नाक-घशाचे डॉक्टर होते; नाकपुडीतून, मधल्या पडद्याच्या कडेने त्यांनी १९१० मध्ये वाट काढली, आणि तीही रुग्णाला पूर्ण भूल न देता, फक्त जागा बधिर करून. हिर्श ज्यू होते. १९३८ मध्ये त्यांना ऑस्ट्रिया सोडून बॉस्टनला जावं लागलं, आणि तिथेही त्यांनी हे काम सोडलं नाही. त्यांच्या वाट्याला हवं तेवढं श्रेय आलं नाही असं मला वाटतं.

या कथेतलं मोठं नाव अमेरिकेतल्या हार्वी कुशिंग यांचं. ओठाखालचा छेद आणि नाकाच्या पडद्यातली वाट यांची सांगड घालून त्यांनी १९१० ते १९२५ या काळात २३१ ऑपरेशनं केली. मृत्यूचं प्रमाण ५.६ टक्के होतं. त्या काळाचा विचार करता हा आकडा थक्क करणारा आहे. तरीही विसाच्या दशकाच्या अखेरीस कुशिंग नाकाची वाट सोडून कवटी उघडण्याकडे वळले. त्यांच्या मागोमाग बहुतेक जग वळलं.

कुशिंगांनी माघार घेतली आणि त्यामुळे ही विद्या चाळीस वर्षं मागे गेली, असं पुष्कळदा लिहिलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांच्यापाशी एमआरआय नव्हता, सीटी स्कॅन नव्हता. साध्या एक्स-रेमध्ये सेला रुंदावलेला दिसे, इतकंच. गाठ कोणत्या जातीची आहे, किती वर गेली आहे, हे आत शिरल्यावर कळे. खालून शिरावं आणि वर मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ, निघावा, की हाती काहीच लागायचं नाही. कपाळावर बांधलेल्या दिव्याच्या उजेडात, अरुंद भुयाराच्या टोकाशी, न दिसणाऱ्या गाठीचा उरलेला भाग हाताच्या अंदाजाने खरवडायचा. आणि रुग्णाची नजर तर फुलीवरचा दाब नेमका किती सुटला यावर अवलंबून. वरून गेलं की नसा डोळ्यांसमोर असतात. हाती असलेल्या साधनांचा विचार करता त्यांनी घेतलेला निर्णय मला प्रामाणिक वाटतो.

वाट जिवंत राहिली ती एका शिष्यामुळे. एडिनबरोचे नॉर्मन डॉट १९२३-२४ मध्ये बॉस्टनला कुशिंगांच्या हाताखाली शिकले. गुरूंनी सोडलेली पद्धत त्यांनी स्कॉटलंडमध्ये चालू ठेवली आणि नाकात घालायच्या स्पेक्युलमलाच दिवा बसवून घेतला. उजेड भुयाराच्या तोंडापासून आत नेला. १९५६ मध्ये पॅरिसचे जेरार गियो डॉटना भेटले, पद्धत पाहिली, परत जाऊन तिचा ध्यास घेतला. ऑपरेशन चालू असताना एक्स-रेच्या पडद्यावर हत्याराचं टोक कुठे आहे ते पाहत जायची सोय त्यांनी केली. गियोंकडे मॉन्ट्रियलहून झ्यूल हार्डी शिकायला आले. कुशिंग, डॉट, गियो, हार्डी: चार माणसं, चार देश, आणि हातातून हातात गेलेली एक विद्या. याच दरम्यान, १९५० च्या आसपास, कॉर्टिसोन औषध म्हणून मिळू लागलं होतं. ग्रंथी निकामी झाली तरी रुग्णाला जगवता येऊ लागलं. हे सर्जनचं श्रेय नव्हे, पण याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

१९६७ मध्ये हार्डींनी या ऑपरेशनमध्ये मायक्रोस्कोप आणला. दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठ निरोगी ग्रंथीपासून रंगाने, पोताने वेगळी दिसू लागली. ग्रंथी राखून तेवढी गाठ काढता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. तोपर्यंत ऑपरेशनचा हेतू डोळ्यांवरचा दाब उतरवणं हाच असे. आता कुशिंग डिसीजसारखा, अंग सुजवून हाडं पोखरणारा आजार काही मिलिमीटरची गाठ काढून मुळापासून बरा करता येऊ लागला. गेल्या शतकातल्या शस्त्रक्रियांमध्ये याच्या तोडीचं यश मला फार थोड्या ठिकाणी दिसतं.

पुढची पायरी दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपची. ती वापरून बघण्याचा पहिला प्रयत्नही गियोंचाच, १९६३ मधला. पण तेव्हाची दुर्बीण पुरेसं दाखवत नव्हती. हॅरल्ड हॉपकिन्स यांनी घडवलेल्या काचेच्या दांड्यांच्या भिंगांमुळे चित्र लख्ख झालं, आणि १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या हे-डोंग जो व रिकार्डो कराऊ यांनी केवळ दुर्बिणीने केलेल्या पन्नास रुग्णांचा अनुभव मांडला. मायक्रोस्कोप बाहेर उभा राहून भुयारात सरळ बघतो. चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण सर्जनचा डोळाच आत नेते, आणि तिरक्या भिंगाची असेल तर कोपऱ्याआडचंही दाखवते. श्लोफरना जे वरचं दिसलं नाही, ते आता दिसतं.

तरीही एक सांगितलं पाहिजे. दुर्बिणीने केलं म्हणजे उत्तमच, हा समज आता रुग्णांतही रुजला आहे. मायक्रोस्कोपवर आयुष्य घालवलेल्या निष्णात सर्जनच्या हातून लहान गाठ आजही उत्तम निघते. कुठलं यंत्र आहे यापेक्षा ही ऑपरेशनं करणारी जोडी किती मुरलेली आहे, हे विचारावं. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही अनुभव वाढेल तशी गुंतागुंत घटते असंच दिसून आलं होतं. जोडी म्हणण्याचं कारण, हे काम दोघांचं असतं: कान-नाक-घशाचे सर्जन वाट करतात आणि दुर्बीण धरतात, न्यूरोसर्जन दोन्ही हात मोकळे ठेवून गाठ काढतात.

आत नेमकं काय होतं, ते थोडं जवळून पाहू. नाकातलं मधलं शुंडिकास्थी बाजूला सारलं की मागे स्फिनॉइडचं बारीक छिद्र दिसतं. ते रुंद करून पोकळीत शिरायचं. पोकळीत हाडाचे पातळ पडदे असतात. त्यांतले काही थेट कॅरॉटिडवरच्या हाडाला टेकलेले. असा पडदा पकडून पिरगळायचा नाही, ड्रिलने झिजवायचा. सेलाचा तळ उघडला की ड्यूरा हे आवरण दिसतं. ते कापण्याआधी धमनी कुठे आहे याची डॉप्लरने खातरजमा करतात. आवरण उघडताच बहुतेक गाठी आपणहून बाहेर डोकावतात, मऊ, राखाडी-पांढऱ्या. इथे घाई नडते. आधी खालचा भाग काढायचा, मग दोन्ही बाजूंचा, वरचा सगळ्यात शेवटी. वरचा भाग आधी काढला तर सेलावरचा पडदा लगेच खाली उतरतो आणि बाजूंना राहिलेली गाठ त्याच्याआड दडते. क्रम पाळला, तर गाठ निघत जाते तसा तो पडदा हळूहळू खाली येत राहतो, आणि शेवटी पूर्ण उतरून हृदयाच्या ठोक्यांबरोबर हलताना दिसतो. फुली मोकळी झाली याची ती खूण असते. कित्येक रुग्णांना दुसऱ्या दिवशी डोळे उघडल्यावरच फरक जाणवतो.

तो पडदा फाटला, तर मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपू लागतं आणि मेनिंजायटिसची भीती उभी राहते. मांडीचं किंवा पोटाचं थोडं आवरण, चरबी लावून भोक बुजवणं ही जुनी रीत. २००६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या हदाद आणि बासागास्तेगी यांची पद्धत प्रसिद्ध झाली. नाकाच्या पडद्यावरची श्लेष्मल त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट सोडवून घ्यायची आणि भोकावर पसरायची. ती जिवंत राहते म्हणून लवकर धरते. एवढ्या एका युक्तीने नाकातल्या वाटेची हद्द सेलाच्या कितीतरी पुढे गेली.

मग कवटी उघडायची कधी? गाठ मेंदूच्या कपाळाकडच्या किंवा कानशिलाकडच्या भागाखाली दूर पसरली असेल, मेंदूच्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली असेल, सेलाच्या तोंडाशी आवळून वर पुन्हा फुगली असेल, किंवा लहान मुलात स्फिनॉइडची पोकळीच अजून तयार झाली नसेल, तेव्हा नाकाची वाट अपुरी पडते. अशा वेळी केसांच्या रेषेआड छेद घेऊन कानशिलाच्या पुढचं हाड उघडतात, मेंदूच्या दोन भागांमधली नैसर्गिक फट मोकळी करत खोल जातात, आणि दोन नसांच्या मधून किंवा नस आणि कॅरॉटिड यांच्यामधल्या चिंचोळ्या त्रिकोणातून गाठ काढतात. काही गाठींना भुवईतला छोटा छेद पुरतो. या वाटेने नसा आणि धमन्या समोर असतात, पण सेलाच्या आतला कोपरा दिसत नाही, आणि मेंदू थोडाफार हलवावा लागतोच. प्रत्येक वाट काहीतरी दाखवते आणि काहीतरी लपवते. एमआरआय पाहताना सर्जन मनात हाच हिशेब करत असतो. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा हिशेब वेगळा येतो तो त्याच्या गाठीमुळे.

आपल्याकडे हा हिशेब आणखी कठीण होतो, कारण रुग्ण उशिरा येतात आणि गाठी मोठ्या असतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ११८ महाकाय पिट्युटरी गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार सेंटिमीटरहून मोठ्या गाठींना महाकाय म्हणतात. सेलावरचा पडदा न फाडता त्याला वर ढकलत वाढलेल्या गाठी आणि पडदा ओलांडून गेलेल्या गाठी, असा भेद त्यांनी केला. पहिल्या प्रकारची गाठ कितीही मोठी दिसली तरी खालून काढता येऊ शकते. आकारापेक्षा आवरण पाहा, हे सांगणारं हे काम मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयातल्या रुग्णांवरून उभं राहिलं, याचा मला अभिमान वाटतो.

काही गाठींना ऑपरेशनच लागत नाही. प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आक्रसते. म्हणून प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख ठरवू नये. गाठ फार मोठी असेल, तर रक्तातलं अतोनात प्रोलॅक्टिन तपासणीलाच चकवतं आणि आकडा फसवा कमी येतो. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा तपासायला लॅबला सांगावं लागतं. ही साधी गोष्ट राहून गेली, तर टळू शकणारं ऑपरेशन होऊन जातं.

गाठ संपूर्ण काढलीच पाहिजे, हा हट्टही सोडावा लागतो. कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरलेला तुकडा काढताना कॅरॉटिडला इजा झाली तर रुग्ण टेबलावरच जाऊ शकतो. तिथला तुकडा ठेवून, डोळ्यांच्या नसांपासून गाठीला पुरेसं दूर करून, उरलेल्यावर नेमकी किरणं देणं हा पुष्कळदा शहाणपणाचा निर्णय असतो. 'डॉक्टरांनी गाठ अर्धीच काढली' असं नातेवाईक खिन्नपणे सांगतात, तेव्हा ती का ठेवली हे त्यांना कुणी समजावलेलं नसतं.

ऑपरेशननंतरच्या दिवसांवर मी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी आणि तहान अफाट वाढू शकते. घरी गेल्यावर, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, सोडियम घसरून मळमळ, डोकेदुखी, गुंगी येऊ शकते. तेव्हा रक्त तपासायलाच हवं. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा थेंब पडला किंवा घशात खारट चव आली, तर सर्दी समजून थांबू नये. नाक शिंकरायचं नाही. स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ताप आला, उलट्या झाल्या, तर ती वाढवावी लागते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं.

पुस्तकातलं सगळ्यात लांबलेलं प्रकरण शेवटचं आहे, लहान मुलांमधल्या क्रेनिओफॅरिन्जिओमाचं. ही गाठ पिट्युटरीची नव्हे. ग्रंथी घडताना मागे राहिलेल्या पेशींमधून ती उगवते. कॅन्सर नसूनही ती हायपोथॅलॅमसला चिकटून वाढते. ती पूर्ण खरवडून काढली तर मूल वाचतं, पण पुष्कळदा त्याची भूक कधीच भागत नाही, वजन आवरत नाही, झोप-जाग बिघडते. थोडी ठेवून किरणं दिली, तर ती पुन्हा वाढेल का याची वर्षानुवर्षं राखण करावी लागते आणि कोवळ्या मेंदूवर किरणांचा परिणाम होतो तो वेगळाच. कोणत्या मुलात किती काढायचं, यावर जगातल्या जाणत्या सर्जनांमध्ये आजही मतभेद आहेत. त्या प्रकरणात मी दोन्ही बाजू मांडल्या आहेत, माझा कल ठेवून देण्याकडे का आहे तेही लिहिलं आहे, आणि ऑपरेशनआधी आईवडिलांनी सर्जनला विचारावेत असे प्रश्न तिथेच दिले आहेत.